पायाळूच्या पोटी पायाळू

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना लाथ मारली. तीही चारचौघींत, त्यांच्याच सांगण्यावरून. पूजेला आलेल्या बायका ओसरीवर गोळा झाल्या होत्या, सासूबाई सतरंजीवर पालथ्या पडल्या होत्या आणि वर मलाच दरडावत होत्या, "अगं, जरा नेट लाव की. पावण्यावानी काय पाय लावतीस?" मी शालू सावरत उजवी टाच त्यांच्या कमरेला तीनदा लावली. त्या उठल्या, डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या आणि कंबर मोकळी झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. लगेच आणखी दोघी पदर खोचून पालथ्या पडायला पुढे झाल्या.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. आमच्याकडे अशा माणसाला फार मागणी. उसण भरली, पाठीत लचक आली की पायाळूचा पाय लावून घेतात. जमिनीत पाणी कुठे आहे तेही पायाळूला कळतं म्हणतात. आणि वीज म्हणे पायाळूलाच शोधत येते. त्यामुळे लहानपणी आभाळ गडगडलं की मला घरात कोंडायचे. भावंडं कडबा झाकायला धावायची आणि मी आत बसून भाजलेले शेंगदाणे खायचे. या एका समजुतीविरुद्ध मी कधीही तोंड उघडलेलं नाही.

माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचं. ऊस लागणीच्या दिवसांत वाकून वाकून लोकांच्या कमरा धरायच्या आणि आमच्या वस्तीवर सकाळपासून माणसं येऊन बसायची. मी दप्तर पाठीवर घेऊनच दोन-चार लाथा मारायचे आणि शाळेला पळायचे. पुढे मी विज्ञानाची पदवी घेतली, भिगवणच्या एका शाळेत शिकवायला लागले. वर्गात मी मुलांना सांगते, पुरावा असल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. एकदा मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची धरून पाठमोरे उभे राहिले. "मॅडम, कुणाला सांगू नका," म्हणाले. मी सांगितलं नाही. आत्ता पहिल्यांदाच लिहिते आहे.

भिगवणहून मला बघायला आले तेव्हाही सासूबाईंनी माझं शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक विचारला नाही. "पोरगी पायाळू हाय म्हणत्यात, खरं का?" एवढंच विचारलं. वडील म्हणाले, "व्हय." लग्न ठरलं. पदवीतला माझा पहिला वर्ग माझ्या पायाखाली गेला, हे मला आजही सहन होत नाही.

आता माझ्या जन्माची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. ती गोष्ट आईची. हळदीकुंकू असो, बारसं असो, बायका म्हणायच्या, "सांगा की लेकीची गंमत," आणि आई उभी राहून अभिनयासकट सांगायची. वडील गाडी बघायला गेले होते, तेवढ्यात मी निघालेच. आधी म्हणे मी एक पाय बाहेर काढला, ऊन किती आहे त्याचा अंदाज घेतला आणि परत आत ओढला. सुईण म्हणाली, हिला चप्पल द्या गं, त्याबिगर यायची न्हाय ही. मग दोन्ही पाय आले, मग बाकीची मी. आई स्वतःचाच पाय हवेत हलवून दाखवायची आणि बायका हसून हसून डोळे पुसायच्या. मीही हसायचे. माझ्या मनात पक्कं बसलं होतं की आईने मला असं गमतीगमतीत जन्म दिला.

माझ्या पोटात बाळ होतं आणि आठवा महिना सरत आला होता, तेव्हा बारामतीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बाळ उलटं आहे. डोकं वर, बूड खाली." मी म्हटलं, "पाय?" त्या म्हणाल्या, "पाय सरळ वर, कानापाशी. मजेत बसलंय." नवरा शेजारी उभा होता. त्याने मान तिरकी करून पडदा पाहिला, मग स्वतःही थोडा उलटा झाला, आणि तरी त्याला काही दिसलं नाही.

मॅडमनी आधी बाळाला बाहेरून फिरवून बघायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवून, हळूहळू दाब देत, मशीनवर बाळाचे ठोके ऐकत प्रयत्न केला. बाळ अर्धं फिरलं. आडवं झालं, तिथे जरा थांबलं आणि परत सरकून मूळ जागी जाऊन बसलं. स्वभाव कुणावर गेलाय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

मग मॅडमनी समोर बसवून नीट सांगितलं. दोन वाटा होत्या. तारीख ठरवून सिझर करायचं, नाहीतर कळा येण्याची वाट बघून नॉर्मलचा प्रयत्न करायचा. "बाळाचं वजन बेताचं आहे, मान खाली वाकलेली आहे, पाय वर आहेत. अशा बाळाचा प्रयत्न करता येतो. मी अशा डिलिव्हरी केल्यात. पण प्रयत्न म्हणतेय मी, आणि तू पहिलटकरीण आहेस. मध्येच सिझर करायची वेळही येऊ शकते. आठवडाभर विचार कर, मग सांग. ठरवायचं तू."

ठरवायचं मी, हे मॅडमनी नवऱ्यादेखत सांगितलं. तरी घरी पोचेपर्यंत ठरवणाऱ्यांची रांग लागली.

सासूबाईंचा आनंद तर गगनात मावेना. "पायाळूच्या पोटी पायाळू! सात गावांत असं घर सापडायचं न्हाय!" सिझरचा शब्द काढल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. त्यांना माझ्या पोटाची काळजी होतीच, पण दुसरी शंका मोठी होती. पोट कापून काढलेल्या बाळाला पायाळू म्हणायचं का? वाटच वेगळी, तर पाय आधी आले काय आणि डोकं आधी आलं काय! हा प्रश्न घेऊन त्या गल्लीत फिरल्या. शेजारच्या चाची, ज्यांचं मासळीचं दुकान आहे, त्या म्हणाल्या, चालतंय, पाय ते पायच. सोसायटीच्या अध्यक्षांच्या मंडळी म्हणाल्या, छ्या, तो मान न्हाय मिळत सिझरला. त्यात माझ्या नवऱ्याने नको तिथे अक्कल पाजळली. तो म्हणाला, "पण पाय कुठं खाली हायत? बूड खाली हाय. म्हंजी ते पायाळू न्हाय, बुडाळू हाय."

दोन दिवस सगळ्या गल्लीला बुडाळू या शब्दाने नुसतं पछाडलं. बुडाळूने लाथ मारायची की पाठीवर बसायचं, इथपर्यंत चर्चा गेली. मी सुरुवातीला हसत होते. तिसऱ्या दिवशी एक बाई माझ्या पोटावर हात ठेवून "बुडाळू कसं हाय?" म्हणाली आणि मी तिला असं काही झापलं की ती चहा अर्धा सोडून गेली. माझं तोंड फटकळ आहे, त्याचं मला वाईट वाटत नाही. त्या चहाचं वाटलं.

इकडे बाळ आपणहून फिरावं म्हणून उद्योग चालूच होते. मी रोज सकाळी गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवी होऊन खोली पुसल्यासारखी फिरायचे. नवरा माझ्या पोटाच्या खालच्या बाजूला मोबाइल धरून गाणी लावायचा. बाळाला गाणं आवडलं की ते डोकं तिकडे आणेल, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. बाळ वरूनच ऐकत राहिलं.

आणि मी? मला नॉर्मल हवं होतं. खरं कारण सांगायचं तर ईर्षा. सुईसुद्धा बघवत नाही मला, ऑपरेशनची भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माझ्या आईने वस्तीवर, एका सुईणीच्या भरवशावर, हसत हसत मला काढलं, आणि मी शिकलेली बाई, मशीन लावलेल्या दवाखान्यात, डॉक्टर उशाशी असताना घाबरायचं? मला आईच्या बरोबरीचं व्हायचं होतं. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण आतून ठरलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वडील येऊन मला कोऱ्हाळ्याला घेऊन गेले. दुपारी आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी भिंतीला टेकून, पाय पसरून, ऐटीत सांगितलं, "मी नॉर्मलच करणार. तू केलंस तसं."

मला वाटलं आई हसेल, पाय हवेत हलवून दाखवेल. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"मी केलं तसं म्हंजी कसं?" तिने विचारलं.

"म्हणजे पाय आधी. तू सांगतेस तशी."

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "पाय आलं. कंबर आली. हात पण आलं. आन् मग थांबलं."

"काय थांबलं?"

"तू थांबलीस. डोकं आत राहिलं. तुझं सगळं अंग बाहेर आन् तोंड आत. सुईण तवर नुसती बडबडत हुती, ती गप झाली. बाळंतिणीला दुसरं काय कळत न्हाय बघ, पर सुईण गप झालेली कळती."

मी पाय जवळ घेतले. "किती वेळ?"

"घड्याळ कोण बघतंय. निघालीस ती निळी निघालीस. आवाज न्हाय, हालचाल न्हाय. सुईण म्हणाली, गेलं वाटतं. पर हात थांबवला न्हाय तिनं. तोंडातलं काढत हुती, पाठ चोळत हुती, तोंडात हवा फुकत हुती. तुझा बाप गाडी घिऊन दारात आला, त्यानं ऐकलं ते एवढंच ऐकलं, गेलं वाटतं. त्यानं गपचूप कुदळ घेतली आन् बांधाकडं गेला."

मी तिचा हात धरला. आई मात्र थांबली नाही, बहुधा थांबली असती तर तिला पुढे बोलता आलं नसतं.

"मग तू रडलीस. बारीक रडलीस, मांजराच्या पिलावानी. त्याला हाका मारून बोलवावं लागलं. अर्धा खड्डा टाकून आला पळत. दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात शेवगा लावला त्यानं. म्हणाला, खांदलाच हाय तर वाया कशाला घालवायचा."

"तो शेवगा? ज्याच्या शेंगा मी पिशवी भरून सासरी नेते?"

"त्योच."

तीस वर्षं मी त्या शेंगांची आमटी ओरपत होते! मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि मला माझ्या आईचा भयंकर राग आला. मी ओरडलेच, "मग गंमत म्हणून काय सांगत होतीस सगळ्यांना?"

"पहिल्यांदा सुईणीनंच सांगितली तशी, चपलीचं बिपलीचं जोडून. समदी हसली, म्हणून मी पण हसले. मग तशीच पडली ती गोष्ट. रडत सांगितली असती तर दुसऱ्यांदा कुणी ऐकली असती का?" तिने परत मेथी हातात घेतली. "हे बघ, सिझर कर म्हणत न्हाय मी. मला त्यातलं काय कळत न्हाय. पर माझ्या गमतीवर भरवसा ठिऊन ठरवू नको. मला कुणी इचारलंच न्हाय, काय पायजे म्हणून. तुला इचारत्यात. तर नीट सांग."

तिची नक्कल करायला मी निघाले होते आणि तिच्यापुढे तर निवडायला काही नव्हतंच. मी ज्याला धीटपणा समजत होते ते नुसतं निभावणं होतं. त्या दुपारी मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती आणि हाताला मेथीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानावर प्रश्न लिहून बारामतीला गेले. मॅडमनी ते पान घेतलं आणि चष्मा लावून पेपर तपासल्यासारखं वाचलं. डोकं अडकू शकतं का? "शकतं. नेहमी नाही, पण शकतं. दवाखान्यात ते सोडवायला माणसं असतात, साधनं असतात, वस्तीवरच्यासारखं नाही. तरी त्या काही मिनिटांची खात्री मी देणार नाही." सिझर बाळाला जास्त सुरक्षित? "अशा बाळाला थोडं जास्त." मला? "तुला मोठं ऑपरेशन. टाके, दुखणं, पुढच्या वेळी जास्त लक्ष ठेवावं लागेल." तुम्ही माझ्या जागी असता तर? त्यांनी पान परत दिलं. "मी तुझ्या जागी नाहीये. गेल्या वर्षी एकीचं असंच बाळ नॉर्मल झालं, छान झालं. दुसरी वेळ होती तिची आणि तिला त्याची भीती नव्हती. तिनं तिचं ठरवलं. तू कशाची भीती घेऊन जगू शकतेस आणि कशाची नाही, ते तुलाच माहीत."

ते मला त्या क्षणी अगदी स्पष्ट माहीत होतं. टाके मी सोसले असते. कुणीतरी गप्प झालेलं मला सोसलं नसतं. मी म्हटलं, "सिझर." एवढं मोठं ठरवलं आणि लगेच भूक लागली. दवाखान्यासमोरच्या गाड्यावर दोन प्लेट भेळ खाल्ली.

मग सासूबाईंना फोनवर सांगितलं. मी भांडायच्या तयारीत होते, वाक्यं जुळवून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "बरं. तारखेला येते मी." ती वाक्यं वाया गेली, याचं मला जरा वाईटच वाटलं.

ठरल्या दिवशी त्या सकाळीच भिगवणहून हजर. मला आत नेण्याआधी मॅडम बाहेर आल्या, तशा सासूबाई हात जोडून आडव्या गेल्या. "बाई, एक इनंती हाय. सिझर करा, आमचं काय म्हणणं न्हाय. पर काढताना तेवढं पायाकडनं काढा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "अहो आजी, ते बसलंय तसंच काढणार आम्ही. आधी बूड, मग पाय, मग हात. डोकं सगळ्यात शेवटी."

"म्हंजी पायाळूच की!"

"पायाळूच."

सासूबाई विजयी मुद्रेने माझ्या नवऱ्याकडे वळल्या. बुडाळू या शब्दाचा तिथेच निकाल लागला. वर त्यांनी मॅडमना विचारलं, "तसं कागदावर लिहून द्याल का?"

पाठीत इंजेक्शन दिल्यावर मला कमरेखालचं काही कळेना. छातीपाशी हिरवा पडदा लावला होता. दुखत नव्हतं, पण कुणीतरी पिशवीत हात घालून काहीतरी शोधतंय असं वाटत होतं. मॅडमना मी आधीच सांगून ठेवलं होतं, बोलत राहा, काहीही झालं तरी बोलत राहा. त्या शब्दाला जागल्या. "बूड आलं बघ. गुबगुबीत आहे. एक पाय. हा दुसरा पाय. मारतंय लाथ! आता खांदा. हा एक हात."

मग त्या म्हणाल्या, "आता डोकं," आणि श्वास घ्यायला थांबल्या. फार तर दोन श्वास. पण तेवढ्यात मी वस्तीवर जाऊन आले. माझी आई मला दिसली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घोंगडीवर पडलेली, आणि कुणी काही बोलत नव्हतं. मी पडद्याकडे बघून ओरडले, "मॅडम, बोला!"

उत्तर मॅडमनी दिलंच नाही. बाळानेच दिलं. असा काही भोंगा लावला की भूल देणारे डॉक्टरही हसले. मुलगी झाली होती, आणि तिला आमचं काहीही पटलेलं नव्हतं.

मला खोलीत आणल्यावर सगळ्यांत आधी आई आत आली. बाळ माझ्या शेजारी दुपट्यात होतं, पण तिने बाळाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाजवळ वाकून तिने विचारलं, "लगीच रडली का?"

"लगेच," मी म्हटलं.

"डोकं आल्या आल्या?"

"आल्या आल्या. अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं."

आई कॉटशेजारच्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. साधंसुधं नाही. पदर तोंडात कोंबून, गदागदा हलत, हुंदके देऊन. मी तिला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. नर्स धावत आली, दारातून नवरा डोकावला, आणि सासूबाईंनी आत येऊन कमरेवर हात ठेवले. त्यांचा वेगळाच समज झाला होता. "अवो विहीणबाई, पोरगी झाली म्हणून रडताय व्हय? लाज न्हाय वाटत? आमाला पोरगीच पायजे हुती!"

आई रडता रडता हसायला लागली. तिने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मग बाळाच्या उघड्या पावलावर हात ठेवून ती म्हणाली, "न्हाय ओ. माझ्या लेकीच्या येळचं रडायचं राहिलं हुतं."